जर्मन शेफर्ड पाळताय? साखळी नको, काम द्या! पिल्लू निवडण्यापासून शिकवण्यापर्यंत सविस्तर माहिती

वस्तीवर, पोल्ट्रीवर, द्राक्षबागेत, गुऱ्हाळावर... आता आपल्याकडे गावोगावी जर्मन शेफर्ड दिसतो. जुनी माणसं त्याला अजूनही 'अल्सेशियन' म्हणतात. पिल्लू येतं तेव्हा घरात त्याचे लेकरागत लाड होतात, मोबाईलवर स्टेटस पडतात. सात-आठ महिने झाले की तेच कुत्रं गोठ्याच्या खांबाला साखळीने बांधलेलं दिसतं. दिवसभर भुंकतं, खांबाभोवती गोल गोल फिरतं, आल्या-गेल्यावर धावून जातं. मग मालक म्हणतो, "ही जातच चावरी आहे बघा."

जात चावरी नाही. हे कामाचं कुत्रं आहे आणि त्याला काम मिळालेलं नाही, एवढंच. बैलाला चार महिने दावणीला ठेवून एकदम औताला जुंपला तर तो उधळणारच. या कुत्र्याचंही तसंच आहे. आणायच्या आधी आणि आणल्यावर काय करायचं, ते या लेखात एकेक करून बघू.

मूळ काम कोणतं?

नावातच उत्तर आहे. शेफर्ड म्हणजे मेंढपाळ. जर्मनीत मेंढरं राखणाऱ्या कुत्र्यांमधून ही जात तयार झाली. माक्स फॉन श्टेफानिट्झ नावाच्या घोडदळातल्या अधिकाऱ्याने १८९९ मध्ये एक कुत्रं विकत घेतलं, त्याचं नाव होरांड ठेवलं आणि त्याच वर्षी या जातीची संस्था काढली. होरांड हा या जातीचा पहिला नोंदवलेला कुत्रा. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन नाव नको म्हणून इंग्रजांनी 'अल्सेशियन' नाव दिलं. तेच आपल्याकडे आलं आणि टिकलं.

तिकडे शेताला कुंपण नसायचं. दोन पिकांच्या मधल्या पट्ट्यात मेंढरं चारायची. कुत्रं त्या पट्ट्याच्या कडेने दिवसभर येरझाऱ्या घालायचं. मेंढरू पिकाकडे वळलं की आडवं जाऊन त्याला परत पट्ट्यात लोटायचं. थोडक्यात, हे कुत्रं म्हणजे जिवंत कुंपण. दिवसभर न थकता फिरायचं, हद्द ध्यानात ठेवायची, मेंढपाळाच्या आवाजाकडे कान ठेवायचा आणि वेळ आली तर स्वतःच्या डोक्याने निर्णय घ्यायचा, हे त्याच्या रक्तात आहे.

आपल्याकडच्या धनगरी कुत्र्याचं काम वेगळं. मेंढरं वळवायचं काम आपला मेंढपाळ स्वतः हाळी देऊन, शीळ घालून करतो. कुत्रं राखण करतं, रात्री वाड्यावर लांडगा येऊ देत नाही. म्हणून धनगरी कुत्रं दिवसा सावलीत निवांत पडून राहू शकतं. जर्मन शेफर्डला तसं रिकामं बसणं जमत नाही. आपण काम दिलं नाही, तर तो आपलं काम आपणच शोधतो. कोंबड्यांमागे लागतो, मोटारसायकलच्या चाकावर धावतो, चपला फाडतो, बाग उकरतो.

हुशारी दोन्ही बाजूंनी चालते

कॅनडातले मानसशास्त्राचे प्राध्यापक स्टॅनली कोरेन यांनी कुत्र्यांच्या परीक्षकांना विचारून जातींची क्रमवारी लावली. १९९४ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. कामाच्या हुशारीत बॉर्डर कोली पहिला, पूडल दुसरा आणि जर्मन शेफर्ड तिसरा. या वरच्या गटातली कुत्री नवीन हुकूम पाचपेक्षा कमी वेळा सांगून शिकतात, असं त्यात मांडलं आहे.

वाचायला छान वाटतं. पण जे कुत्रं चांगली गोष्ट चार-पाच वेळात शिकतं, ते वाईट गोष्टही तेवढ्याच वेळात शिकतं. ही दोन उदाहरणं बघा.

कुत्रं भुंकतंय, गप्प बसावं म्हणून कुणीतरी भाकरीचा तुकडा टाकला. आपल्या लेखी ते गप्प झालं. त्याच्या लेखी, 'भुंकलं की भाकरी मिळते'.

दूधवाला येतो, कुत्रं भुंकतं, दूधवाला दूध देऊन निघून जातो. आपल्याला माहीत आहे की तो जाणारच होता. कुत्र्याला वाटतं, 'मी हाकललं'. रोज जिंकत गेलं की महिन्याभरात ते दात दाखवायला लागतं.

म्हणजे शिकवणी रोज चालूच असते. आपण शिकवलं नाही तर ते आपलं आपण शिकतं.

आणायच्या आधी स्वतःला चार प्रश्न विचारा

१. रोज दीड-दोन तास देणारं माणूस घरात आहे का? शेतात सोबत नेलं तरी तो वेळ धरता येतो. पण 'पोरं बघतील' असं म्हणून आणू नका. पोरं शाळेत जातात.

२. पूर्ण वाढलेला नर ३० ते ४० किलोचा, मादी २२ ते ३२ किलोची होते. ओढ घेतल्यावर घरातल्या बाईमाणसाला, म्हाताऱ्यांना आवरेल का?

३. उन्हाळ्यात सावली, वारा आणि पाण्याची सोय आहे का? पत्र्याच्या शेडखाली हे कुत्रं ठेवता येत नाही.

४. लसी, औषधं आणि खाणं हा खर्च साधारण १० ते १२ वर्षं चालणार आहे. तो झेपेल का?

एकाही प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर गावठी कुत्रं पाळा. आपल्या हवेला ते पक्कं असतं, आजार कमी आणि राखणीला चोख. त्यात कमीपणा काही नाही.

पिल्लू कसं निवडायचं?

८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. कुत्र्यांच्या विक्रीसाठीच्या २०१७ च्या केंद्राच्या नियमांतही ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. लवकर तोडलेल्या पिल्लाला किती जोरात चावायचं याचा अंदाज येत नाही. तो धडा आई आणि भावंडं देतात.

पिल्लाची आई बघितल्याशिवाय घेऊ नका. आई अंगावर येत असेल किंवा घाबरून कोपऱ्यात बसत असेल तर पिल्लंही तशीच निघण्याची शक्यता असते. आई-बापाची मागची चाल बघा. या जातीत खुब्याच्या सांध्याचा आजार बराच असतो आणि तो रक्तातून पुढे येतो. फार उतरती पाठ 'शो'साठी छान दिसते, कामासाठी सरळ पाठीचं कुत्रं बरं.

लस आणि जंताचं औषध

पिल्लं सगळ्यात जास्त दगावतात ती पार्वोने. उलट्या आणि रक्ताची हगवण लागली की दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. म्हणून हे वेळापत्रक पाळा.

६ ते ८ आठवडे: पार्वो, डिस्टेंपर यांची पहिली लस.
त्यानंतर दर ३-४ आठवड्यांनी पुढचे डोस, साधारण १६ आठवड्यांचं होईपर्यंत.
३ महिने पूर्ण: रेबीजची लस. पुढचा डोस डॉक्टर सांगतील तेव्हा आणि मग दरवर्षी.
जंताचं औषध: ३ महिन्यांचं होईपर्यंत दर १५ दिवसांनी, पुढे दर ३ महिन्यांनी.

तारखा मोबाईलमध्ये लावून ठेवा. कार्ड हरवतं, म्हणून त्याचा फोटोही काढून ठेवा.

पहिले दोन महिने: जग दाखवा

पिल्लू ३ ते १६ आठवड्यांचं असताना जे बघतं, ऐकतं, त्याची त्याला जन्मभर भीती वाटत नाही. नेमक्या याच काळात आपण त्याला बांधून ठेवतो. ट्रॅक्टर, मळणी यंत्र, बँड, फटाके, डोक्यावर भारा घेतलेली बाई, काठी टेकत येणारा म्हातारा, हेल्मेट घातलेला माणूस, गाय, शेळी, कोंबडी, हे सगळं लांबून आणि शांतपणे दाखवा. सोबत खाऊ द्या. ओढत जवळ नेऊ नका. लसी पुऱ्या व्हायच्या असतील तर उचलून न्या, दुसरी कुत्री फिरतात तिथे जमिनीवर सोडू नका.

शिकवायचं कसं?

रोज दोन-तीन वेळा, पाच ते दहा मिनिटं. त्याहून जास्त नको. कुत्रं भुकेलं असताना शिकवा, जेवल्यावर नाही. बक्षीस म्हणून उकडलेल्या अंड्याचे किंवा चिकनचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे पुरतात.

आधी घरातल्या सगळ्यांनी बसून शब्द ठरवा. बाप 'बस' म्हणतो, पोरगा 'सीट' म्हणतो आणि आजी 'बैस रे बाबा' म्हणते, मग कुत्र्याने कुणाचं ऐकायचं? मराठी शब्द चांगले चालतात. हे पाच आधी शिकवा.

'बस': तुकडा नाकापुढे धरून हळूच डोक्यावरून मागे न्या. मान वर गेली की ढुंगण आपोआप खाली टेकतं. टेकलं त्याच क्षणी 'शाब्बास' म्हणून तुकडा द्या.

'ये': हा सगळ्यात मोलाचा शब्द आहे, त्याच्यावर एक दिवस जीव वाचू शकतो. हाक मारून आल्यावर कधीही मारू नका, रागावू नका, लगेच बांधूही नका. दहा वेळा बोलवा, नऊ वेळा खाऊ देऊन परत सोडा. सुरुवातीला लांब दोरी लावून सराव करा.

'थांब': बसवून एक पाऊल मागे या, परत जाऊन बक्षीस द्या. मग दोन पावलं, मग पाच. जेवणाची थाळी ठेवताना, फाटक उघडताना रोज 'थांब' वापरा.

'सोड': तोंडातली वस्तू हिसकावू नका, तो त्याचा खेळ होतो. तिच्यापेक्षा चांगली वस्तू दाखवा. सोडली की ती द्या.

'जागेवर': पडवीत एक गोणपाट टाका. त्यावर बसलं की खाऊ. पुढे पाहुणे आले की 'जागेवर' म्हणायचं आणि कुत्रं गोणपाटावर जाऊन बसतं. पोरांसोरांच्या घरात याचा फार उपयोग होतो.

मारू नका. मारलेलं कुत्रं ऐकतं, पण फक्त काठी हातात असेपर्यंत. शिवाय चावण्याआधीची गुरगुर दाबून टाकतं आणि एक दिवस न गुरगुरता थेट चावतं. गुरगुरणं हा इशारा आहे. तो दिसला की कुत्र्याला लांब घ्या आणि कारण शोधा.

टाचेला चावतं, पोरांमागे धावतं

ही तक्रार घरोघरी असते. पळणारं लेकरू, उधळलेलं वासरू, जाणारी सायकल, हे सगळं त्याला कळपातून फुटलेल्या मेंढरासारखं दिसतं. ते अडवायला धावतं. दुष्टपणा नाही, जुनं काम आहे. पण लेकराच्या पायाला दात लागला तर कारण कुठलंही असो, नुकसान तेच.

पिल्लू असतानाच उपाय करा. टाच धरली की तिथेच थांबा, ओरडू नका, खेळ बंद. पोरांनाही 'पळू नका, झाडासारखे उभे राहा' हे शिकवा. तोंडात धरायला दोरीची गाठ किंवा जुना चेंडू द्या. गुरांजवळ सुरुवातीला पट्टा लावूनच न्या आणि शांत बसलं की बक्षीस द्या. कितीही गुणी कुत्रं असलं तरी पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल त्याच्याजवळ एकटं सोडू नका.

त्याला कोणतं काम द्यायचं?

सकाळ-संध्याकाळ बांधावरून फेरी. त्याच्या पूर्वजांचं हेच काम होतं. रोज त्याच वाटेने, चारही कोपरे दाखवत न्या. महिनाभरात आपली हद्द त्याला कळते.

हुडकायचा खेळ. हातरुमाल, विळ्याची मूठ, चप्पल लपवा आणि 'हुडक' म्हणा. दहा मिनिटं नाक लावून शोधलं की कुत्रं तासभर पळाल्यासारखं दमतं. पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही तेव्हा हा खेळ कामाला येतो.

शेळ्या घरी आणताना सोबत नेणं, फाटकापाशी थांबणं, टोपली तोंडात धरून आणणं, हेही शिकवता येतं. डोकं लावायला मिळालं की ते घरी शांत झोपतं.

राखणीसाठी 'तापट' करावं लागतं का?

नाही. मिरची खायला घातली की कुत्रं तिखट होतं, हा निव्वळ गैरसमज आहे. त्याने फक्त पोट बिघडतं. दिवसभर बांधून रात्री सोडणं हीसुद्धा चुकीची रीत. बांधलेलं कुत्रं शूर होत नाही, घाबरट आणि चिडकं होतं. भीतीने चावणारं कुत्रं चोर आणि नातू यात फरक करत नाही. घरच्यांसोबत राहणारं, माणसं ओळखणारं कुत्रंच चांगली राखण करतं. या जातीच्या नुसत्या भुंकण्यानेच परका माणूस फाटकाबाहेर थांबतो.

कायदाही ध्यानात असू द्या. सतत साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ खाली तो गुन्हा आहे. आपल्या जनावरामुळे कुणाला धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

खाणं

नुसती शिळी भाकरी आणि ताक यावर हे कुत्रं भागत नाही. भाकरी किंवा भातासोबत अंडी, चिकन, मासे यांपैकी काहीतरी रोज हवं. मोठ्या कुत्र्याला दिवसातून दोनदा द्या, एकदम पोटभर नको. जेवल्यावर तासभर पळवू नका. पोट अचानक फुगलं आणि उलटीचा उमाळा येतोय पण काही पडत नाही, असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब डॉक्टर गाठा. यात तासांचा हिशोब असतो.

हे देऊ नका: कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, शिजवलेली हाडं. कांद्याच्या खळ्यावर आणि द्राक्षबागेत कुत्रं ठेवणाऱ्यांनी जास्त जपावं. उंदराचं औषध, फवारणीचे डबे, दाणेदार कीटकनाशक त्याच्या तोंडाला लागणार नाही असं ठेवा.

पिल्लाचे कान उभे राहावेत म्हणून पुष्कळ जण कॅल्शियमच्या बाटल्या पाजतात. कान साधारण चार ते सहा महिन्यांत उभे राहतात आणि दात येताना मध्येच पडतातही. जास्तीच्या कॅल्शियमने वाढत्या हाडांचं नुकसान होतं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नका.

उन्हाळा आणि गोचीड

या कुत्र्याला केसांचे दोन थर असतात. उन्हाळा आला म्हणून अंग भादरू नका, ते केस उन्हापासूनही वाचवतात. रोज विंचरून आतले सुटलेले केस काढा, तेवढं पुरे. फिरवणं सकाळी उन्हाच्या आधी आणि संध्याकाळी. डांबरी रस्त्यावर हाताची उलटी बाजू पाच सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पायालाही सोसवत नाही. जीभ लांब बाहेर, लाळ घट्ट, पाय लटपटत असतील तर सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि डॉक्टरकडे न्या.

गोचीड रोज बघा. कानात, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. गोचिडापासून येणाऱ्या तापात कुत्रं खाणं सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. गोठ्यातली गोचीड मारल्याशिवाय कुत्र्यावरची जात नाही. मात्र गायी-म्हशींसाठी आणलेलं गोचिडाचं औषध किंवा इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला देऊ नका. जनावरांना चालणारी काही औषधं मेंढपाळी जातीच्या काही कुत्र्यांच्या मेंदूला बाधतात.

चावलंच तर?

घरचं असो की बाहेरचं, दात लागला, ओरखडा उठला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. चुना, हळद, तिखट, तेल काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टर सांगतील तेवढे सगळे डोस पूर्ण करा. जखम खोल असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं. 'आपल्या कुत्र्याला लस दिलीय' म्हणून घरी बसू नका, ते डॉक्टरांना ठरवू द्या. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ वाचतच नाही.

आधीच साखळीवर असलेलं कुत्रं सुधारतं का?

बहुतेक वेळा सुधारतं. पण एकदम मोकळं सोडू नका. पहिल्या आठवड्यात रोज जेवण देणाऱ्यानेच वीस मिनिटं नुसतं जवळ बसायचं. मग पट्टा लावून पहाटे, रस्त्यावर कुणी नसताना फिरवायचं. पट्ट्याची ओढ कमी झाली की 'बस' आणि 'ये' सुरू करा. परक्यांजवळ नेताना तोंडाला मुसकं लावा, पण त्यातून त्याला धापा टाकता आल्या पाहिजेत. बांधायच्या जागी जाळीचं प्रशस्त कुंपण करता आलं तर उत्तम. कुणाला आधी चावलं असेल तर हे सगळं पशुवैद्यकाच्या सल्ल्याने करा. पुष्कळदा चिडण्यामागे कानाचं किंवा सांध्याचं दुखणं असतं.

साखळीवरच्या कुत्र्याला सगळ्यात आधी माणूस हवा असतो. तुमच्या खांबाला असं कुत्रं असेल, तर आज संध्याकाळी त्याला बांधावरून एक फेरी मारून आणा. सुरुवात तिथूनच होते.